तिसऱ्या वळणावरचा गरम श्वास

"हात आत घाला! घाबरू नका! ज्याला शंका असेल त्यानं स्वतः हात घालून बघावं!"

ओसोफो, म्हणजे आमच्याकडचा पाद्री, जेदेकिया घसा फोडून ओरडत होता आणि लोक रांग लावून टॅक्सीच्या दारातून आत हात घालत होते. हात घातला की दचकून बाहेर काढत होते. काही बायका तिथंच रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या. शनिवार होता, म्हणजे आमच्याकडे मयताचा दिवस; अंत्यविधी आम्ही शनिवारीच करतो. काळे-तांबडे कपडे घातलेलं अर्धं न्कॉकॉ शहर डोंगरावरच्या गावांकडे निघालेलं होतं, आणि त्यातलं निम्मं घाटाच्या तिसऱ्या वळणावर अडकून पडलं होतं.

"काय लागलं हाताला, माई?" ओसोफोनं एका म्हातारीला विचारलं.

"वाफ... गरम वारा, ओसोफो!"

"वारा नव्हे! आगीच्या आत्म्याचा श्वास! गाडीच्या पोटातून निघतोय तो! म्हणा, निघ!"

"निघ!" दीडशे माणसं एका सुरात ओरडली.

मी एकशे एकावन्नावा. मी ओरडलो नाही. मी म्हणालो, "हीटर आहे तो."

माझं नाव द्वामेना. शहरातल्या टॅक्सी स्टँडामागं माझं गॅरेज आहे, आणि अडतीस वर्षं फिटरकी करून मिळवलेली 'मास्टर' ही पदवी आहे. त्या वळणावर चाललेल्या तमाशातला प्रत्येक डाव मला दिसत होता. गाडी उकळून थांबली की ओसोफो आधी डॅशबोर्डवर पांढरं कापड पसरायचा. का, तर आत्म्याला लाज वाटते. मग कापडाखाली हात घालून प्रार्थना करायचा आणि प्रार्थनेबरोबर हीटरचा दांडा लाल खुणेवर सरकवून पंखा पूर्ण सोडायचा. आमच्या देशात हीटर लावणार कोण? लोकांनी बापजन्मात डॅशबोर्डच्या जाळीतून गरम हवा आलेली बघितलेली नसते. ती आली की आत्मा. तेवढ्यानं इंजिनाची थोडी धग बाहेर पडते, हा वरचा फायदा.

मग बॉनेट उघडायचं. स्तोत्रं गायची. मग जाड ओला टॉवेल रेडिएटरच्या झाकणावर टाकून ते अर्धं फिरवायचं, की आतली कोंडलेली वाफ किंचाळत बाहेर. "ऐका, कसा रडतोय!" मग गाडीभोवती सात फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला एक मग अभिषेकाचं पाणी, इंजिन चालू ठेवून, हळूहळू. एकदम थंड पाणी ओतलं तर इंजिनाला तडा जातो, हे त्याला बरोबर ठाऊक होतं, कारण अंगात पांढरा झगा येण्याआधी हा माणूस दहा वर्षं बसच्या दाराला लोंबकळून गिऱ्हाइकं गोळा करायचा. शेवटी फर्मान सुटायचं: सगळ्या उतारूंनी पुढचा चढ पायी चढायचा, आत्म्याला माणसांचा वास येता कामा नये. गाडी पाऊण तास थांबली, पोटभर पाणी प्याली आणि वर रिकामी झाली. मग चढेल नाही तर काय करेल?

हे सगळं मी त्या दिवशी मोठ्यानं सांगितलंही. लोकांनी ऐकून घेतलं. ओसोफोनंसुद्धा ऐकून घेतलं, हात बांधून, हसत.

"मास्टर," तो म्हणाला, "ही टॅक्सी तुमच्या जावयाची ना?"

होती. माझा जावई ताविया त्या टॅक्सीच्या बॉनेटपाशी डोकं खाली घालून उभा होता.

"ही गाडी तुम्ही कितीदा उघडलीत?"

"चारदा."

"काय काय बदललंत?"

"वॉटर पंप. बेल्ट. झाकण. रेडिएटर खोलून धुतला. हेड उतरवून गॅस्केट बघितलं."

"आणि काय दोष सापडला?"

मी तावियाकडे बघितलं.

"दोष सापडला नाही," ओसोफो लोकांकडे वळला. "अडतीस वर्षांच्या मास्टरला यंत्रात दोष सापडत नाही! आणि तरी गाडी उकळते, आणि उकळते ती इथंच, या वळणावर! मग यंत्रात नाही तर कशात आहे? सांगा की, मास्टर. हीटर आहे म्हणता. बरं, हीटर. पण ती उकळते का?"

लोक हसले. त्यांचं हसणं मला झोंबलं, कारण प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. लॉऱ्या त्याच घाटातून दुप्पट ओझं घेऊन धापा टाकत जायच्या, त्यांना काही होत नसे. ("लॉऱ्यांच्या कपाळावर देवाचं नाव असतं," इति ओसोफो. नाव टॅक्सींच्या काचेवरही असतं, पण ते मागच्या. आत्मा म्हणे पुढून येतो!) उकळायच्या त्या एकाच बनावटीच्या टॅक्सी, ज्या शहरभर पसरल्या होत्या आणि सगळ्या माझ्या हातच्या होत्या.

ओसोफोनं तावियाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "पोरा, मागच्या वेळी काय झालं ते विसरू नकोस. पुढच्या शनिवारी सेर्वाला इथं आणून सोड. बाळ होईपर्यंत ती माझ्या प्रार्थनेच्या छावणीत राहील. मी राखण करीन."

ताविया म्हणाला, "हो, ओसोफो."

सेर्वा माझी मुलगी. आठवा महिना संपत आला होता तिचा. ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली होती, आणि 'मागच्या वेळी' हे शब्द कानावर पडल्यावर तिनं मान वळवली ती थेट दरीकडे.

मागच्या वेळी म्हणजे आदल्या वर्षी. भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. इस्पितळ डोंगरावर, घाटानं वीस मिनिटांची वाट. तावियानं गाडी काढली आणि ती तिसऱ्या वळणावर उकळली. मागून येणाऱ्या टॅक्सी भरलेल्या होत्या, आणि ज्या एकीत जागा झाली असती तिच्याजवळ ओसोफोनं जाऊ दिलं नाही. मध्येच गाडी बदलली तर आत्मा बाईच्या पोटात शिरेल, म्हणाला. पाऊण तास स्तोत्रं झाली. सात फेऱ्या झाल्या. फक्त पायी चढायची सेर्वाला सूट मिळाली. वर पोचले तेव्हा बाळ हललं नाही. मुलगा होता. नर्सनं एवढंच विचारलं, "अर्धा तास आधी का नाही आलात?"

आणि ओसोफोनं त्याचं कारण सांगितलं. म्हणाला, त्या घरात एक टवाळखोर आहे, त्याच्या जिभेची किंमत बाळानं दिली. टवाळखोर म्हणजे मी. तेव्हापासून ताविया माझ्या हातचं पाणीही जरा थांबूनच प्यायचा.

छावणी मी आतून पाहिली आहे. चार पत्र्याच्या खोल्या, चटया आणि मोठमोठ्यानं प्रार्थना करणारी माणसं. सुईण नाही, औषध नाही, इस्पितळाला निरोप द्यायला वाहन नाही. बाई अडली तर तिथं कोणी काही करू शकणार नव्हतं. माझ्या हातात सात दिवस होते.

* * *

सोमवारी मी मान खाली घालून तांत्रिक शाळेत गेलो. तिथं गाड्यांची दुरुस्ती शिकवायला मॅडम देदे नावाची किनाऱ्याकडची एक बाई आली होती. केस बारीक कापलेले, अंगात निळा डगला, वय माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त. दोन वर्षं मी स्टँडावर बसून तिला 'पुस्तकी फिटर' म्हणत आलो होतो, आणि हे तिला पोचलेलं नसेल असं मानण्याइतका मी भोळा नव्हतो.

"अरे वा, मास्टर द्वामेना!" ती म्हणाली. "पुस्तक हवंय का?"

"मारा टोमणे. मी त्याच लायकीचा आहे. पण आधी ऐकून घ्या." मी सगळं सांगितलं. पंप, बेल्ट, रेडिएटर, गॅस्केट. वळण. ओसोफो. सेर्वा.

शेवटचं नाव आलं तशी ती हसायची थांबली. तिनं हात पुसले आणि प्रश्न सुरू केले, आणि ते सगळे पोरांना विचारावेत असे साधे.

"हा आत्मा वळणावर आला कधी?"

"झाली की सहा वर्षं."

"आणि या टॅक्सी शहरात कधी आल्या?"

बंदरातून त्या जुन्या गाड्यांची पहिली खेप आली तीही सहा वर्षांपूर्वीच. सहा वर्षं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होत्या.

"थर्मोस्टॅट तपासलात?"

आता मला हसू आलं. "मॅडम, थर्मोस्टॅट कुठला? तो आम्ही काढूनच टाकतो."

"कुणाकुणाच्या?"

"सगळ्यांच्या. गाडी बंदरातून आली की आधी तो काढायचा, मग नंबर लावायचा. ती बर्फाच्या देशातली चैन आहे. इंजिन थंड असेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरायची, का तर इंजिन लवकर ऊब धरावं. आपल्याकडे उन्हाची काय कमी? पाणी मोकळं फिरू द्यावं. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"काढलेले ठेवलेत?"

"बिस्किटांच्या डब्यात आहेत. पितळ आहे, विकता येतं."

"डबा घेऊन या," ती म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता, आणि मला तो आवडला नाही.

मी डबा आणला. तिनं त्यातला एक थर्मोस्टॅट उचलून घासला, दोऱ्याला बांधला आणि चुलीवरच्या पातेल्यात सोडला. आम्ही दोघं पातेल्यावर वाकून उभे राहिलो. पाणी तापलं, कडेनं बुडबुडे आले, आणि त्या लिंबाएवढ्या वस्तूच्या वरची झडप हळूच उघडली.

"हे मला माहीत आहे," मी म्हणालो.

"तुम्ही वर बघताय. खाली बघा."

खाली स्प्रिंगच्या टोकाला एक छोटी चकती होती. अडतीस वर्षांत मी ती कधी नीट पाहिली नव्हती. वरची झडप उघडत होती तशी ती चकती खाली सरकत होती.

मॅडमनं मुलांना शिकवायला कापून ठेवलेलं त्याच बनावटीचं इंजिन पुढं ओढलं. "बसवा याच्यात. तुमच्या हातानं. चकती कुठं येते?"

मी बसवला. चकती एका भोकाच्या बरोबर तोंडावर आली.

"हे भोक कशाचं?"

"आडवाट," मी म्हणालो. "इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता इथूनच परत इंजिनात फिरतं."

"आणि तापल्यावर?"

"तापल्यावर वरची झडप उघडते, रेडिएटरची वाट मोकळी होते, आणि चकती खाली येऊन आडवाट..."

"बंद करते," तिनं वाक्य पुरं केलं. "आणि चकतीच नसली तर?"

आडवाट कायमची उघडी. पाण्याला सोपी वाट मिळाली की ते अवघड वाटेनं कशाला जाईल? निम्मं तापलेलं पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता पुन्हा इंजिनात शिरणार. सपाट रस्त्यावर उरलेल्या निम्म्यानं कसंबसं भागतं. पण पाच माणसं भरून, दुसऱ्या गिअरमध्ये, घाटाचा चढ चढायला लागलं की भागत नाही. सगळ्या गाड्या एकसारख्या, ओझं एकसारखं, चढ एकच. मग त्या उकळणारही एकाच जागी.

"जुन्या लॉऱ्यांत अशी आडवाट नसायची," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांचा थर्मोस्टॅट काढला तरी चालून जायचं."

मी डब्यात बघत बसलो. दर गाडीमागं एक, असे सदुसष्ट होते. त्यातला तावियाच्या गाडीचा कुठला ते मला ओळखता येत नव्हतं, आणि तरी मी एकेक उचलून बघत होतो. त्या वळणावर आत्मा कुणी आणून बसवला होता ते मला कळलं होतं. ओसोफो नुसता त्याच्यावर पोट भरत होता.

* * *

शनिवारी सकाळी मी आणि मॅडम सेर्वाच्या दारात पोचलो तेव्हा ताविया टॅक्सीत चटई आणि भांडी भरत होता. बॉनेटला ओसोफोनं बांधलेली तांबडी फीत होती.

"एक तास दे," मी म्हणालो. "एक वस्तू बसवायची आहे."

"मास्टर, आता पुरे." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "चारदा दिली गाडी. फितीला हात लावायचा नाही, असं सांगितलंय ओसोफोनं. एक मूल गेलंय माझं. तुमच्या प्रयोगाला दुसरं देऊ?"

सेर्वा पायरीवर बसून ऐकत होती. ती उठली, कमरेवर हात ठेवून सावकाश गाडीपाशी आली आणि तिनं फीत ओढून तोडली.

"सेर्वा!"

"पोट माझं आहे, ताविया. तू त्याचं ऐकतोस, बाबा स्वतःचं ऐकतात, मला कुणी विचारलं?" मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, बसवा काय बसवायचं ते. पण तिसऱ्या वळणावर गाडी उकळली तर मी तिथंच उतरणार. छावणीत राहणार. आणि तुम्ही पुन्हा तोंड उघडायचं नाही. आहे कबूल?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, काही नाही. कबूल मलाच करायचं होतं.

"कबूल," मी म्हणालो, आणि बॉनेट उघडलं.

काम फार मोठं नव्हतं. पाणी काढलं, वरचा पाइप जिथं इंजिनाला मिळतो तिथले दोन बोल्ट खोलले, बैठक खरवडून साफ केली, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवून थर्मोस्टॅट बसवला, नवं गॅस्केट लावलं. ताजं पाणी भरलं आणि हीटर सोडून आत अडकलेली हवा काढली. हे हात असं काम डोळे मिटून करतात. त्या दिवशी बोल्ट दोनदा हातातून निसटला.

गाडी भरलेलीच असायला हवी होती. ताविया चालवायला, शेजारी सेर्वा, मागं मी आणि मॅडम आणि आमच्यामध्ये पोकुआ मावशी. या मावशी वळणावर भाजलेली केळी आणि शेंगदाणे विकतात. गाड्या उकळतात म्हणून त्यांचा धंदा चालतो. त्यांचं वजन दोन उतारूंइतकं आहे, आणि मांडीवर केळ्यांची टोपली होती ती वेगळीच.

"एवढी शांतता का रे?" त्या म्हणाल्या. "मयताला निघालाय का?"

पहिलं वळण गेलं. मी दोन सीटांच्या फटीतून तापमानाच्या काट्याकडे बघत होतो. दुसरं वळण. काटा मध्यावरून वर सरकला. दुसरा गिअर पडला, इंजिन कण्हायला लागलं, आणि काटा पाऊण खुणेवर आला. सेर्वाही काट्याकडेच बघत होती. तिचा एक हात पोटावर आणि एक दाराच्या कडीवर होता.

तिसऱ्या वळणावर ओसोफो रस्त्याच्या मधोमध घंटा घेऊन उभा होता. काटा लालच्या अलीकडे थरथरत होता. तावियाचा पाय सवयीनं वर उचलला गेला.

"थांबू नकोस," सेर्वा म्हणाली.

"अगं, ओसोफो..."

"काटा बघ. लाल झालाय का? नाही ना? मग थांबू नकोस."

त्यानं हॉर्नवर हात ठेवला. ओसोफो झगा सावरत गटारापाशी उडी मारून गेला. आम्ही वळण घेतलं, मग पुढचं घेतलं, जो चढ सहा वर्षं लोक पायी चढत होते तो पाचही जणांना घेऊन चढलो. माथ्यावर रस्ता सपाट झाला तसा काटा खाली मध्यावर आला आणि तिथंच राहिला. ताविया रडत होता आणि तसाच गाडी हाकत होता.

"अरे मेल्यांनो," पोकुआ मावशी ओरडल्या, "माझं दुकान मागं राहिलं की!"

* * *

इस्पितळात सेर्वाचं नाव घातलं, नर्सनं तपासून तिला वेळ येईपर्यंत घरी जायला सांगितलं, आणि मावशींना सोडायला आम्ही पाचही जण उतरून वळणावर आलो तेव्हा दुपार होती. मयताची गर्दी होती. दुसरी एक टॅक्सी उकळून उभी होती, डॅशबोर्डवर पांढरं कापड पसरलेलं होतं आणि ओसोफो लोकांचे हात आत घालून घेत होता. आम्हाला बघताच त्यानं आवाज चढवला.

"पाहिलंत? आठ दिवस मी उपास करून या गाडीसाठी प्रार्थना केली! आज ती न थांबता गेली!"

मॅडम देदे गर्दीतून सरळ आत शिरल्या आणि त्यांनी कापड ओढून काढलं. "मावशी, तुमचा हात द्या इकडे. लागतोय श्वास?"

"लागतोय की. गरम आहे."

मॅडमनी दांडा निळ्या खुणेकडे सरकवला. "आता?"

"गेला!"

लालकडे. "आता?"

"आला परत!"

"घ्या, आता तुम्हीच सरकवा."

मावशींनी सरकवला. एकदा, दोनदा, चारदा. आत्मा त्यांच्या बोटाच्या हुकमानं आत-बाहेर करायला लागला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "आणि एवढ्यासाठी मी दर रविवारी याला टोपलीभर केळी फुकट देते होय?"

हशा पिकला. मयताचे कपडे घातलेली माणसं पोट धरून हसली. पण ओसोफो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. हसणं ओसरेपर्यंत तो थांबला आणि मग त्यानं आपला हुकमी प्रश्न काढला.

"हसा! हीटर तर हीटर. पण या गाड्या उकळतात का? ती टॅक्सी आज उकळली नाही, वर्षभर का उकळली? यंत्रातलाच दोष होता तर मास्टरला वर्षभर तो सापडला का नाही? बोला, मास्टर!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमही. एखादा भाग खराब होता, बदलला, असं त्या सांगू शकल्या असत्या आणि माझी अब्रू राहिली असती. मीही तसं सांगू शकलो असतो. पण तेवढ्यानं उरलेले ड्रायव्हर आपली झडप परत बसवून घ्यायला आले नसते, आणि उद्या आणखी कुणाची तरी मुलगी या वळणावर थांबली असती.

मी गाडीतून डबा आणला आणि उघडला.

"दोष सापडला नाही, कारण तो मीच केला होता," मी म्हणालो. "या सगळ्या टॅक्सींमधून ही वस्तू मी काढली. एकेकीची, माझ्या हातानं. ती नसली की चढावर इंजिन उकळतं. इथं आत्मा नव्हता, कधीच नव्हता. इथं माझं काम होतं. यानं त्यावर दुकान मांडलं आणि लोकांना पाऊण पाऊण तास अडवलं, त्याचा जाब याला विचारा. पण गाडी थांबायची ती माझ्यामुळं."

कुणी हसलं नाही. ताविया टॅक्सीला टेकून उभा होता. त्याच्या डोक्यात ते शिरायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "म्हणजे मागच्या वर्षी..."

"हो," मी म्हणालो.

तो माझ्या अंगावर आला असता तर मी हात वर केला नसता. तो आला नाही. गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. सेर्वा मात्र पुढं आली. तिनं डब्यातला एक थर्मोस्टॅट उचलला, उलटासुलटा करून पाहिला.

"काढलेत का पण, बाबा?"

"माझे मास्टर काढायचे."

"ते का काढायचे?"

ते लॉऱ्यांचे फिटर होते. लॉऱ्यांत चालून जायचं. हे मला मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं. त्याआधी मला काय माहीत होतं, एवढंच ती विचारत होती.

"मी कधी विचारलं नाही," मी म्हणालो.

तिनं ती वस्तू डब्यात परत ठेवली आणि गाडीत जाऊन बसली. घरी पोचेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तिला मुलगी झाली, डोंगरावरच्या इस्पितळात. घरापासून तिथवर जायला एकोणीस मिनिटं लागली. आठव्या दिवशी नाव ठेवायला मला बोलावणं आलं. सेर्वानं बाळ माझ्या हातात दिलं. ताविया माझ्याशी अजून बोलत नाही, आणि तो बोलावा असा हट्ट धरायचा मला अधिकार नाही. एकेचाळीस गाड्यांत मी झडप परत बसवली आहे. उरलेल्यांपैकी काही ड्रायव्हर म्हणतात, आधी म्हणालास काढ, आता म्हणतोस बसव, तुझं ऐकायचं कशाला? ते तिसऱ्या वळणावर अजून थांबतात. ओसोफोही अजून तिथंच आहे, गिऱ्हाइकं तेवढी कमी झालीत.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. पांढऱ्या झग्याला प्रश्न विचारा, जरूर विचारा, कापड ओढून खाली काय आहे ते बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या मास्टरलाही विचारा, बापाला विचारा, सगळ्यांनाच ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल विचारा की हे असं का करतो आपण. मी ओसोफोला वर्षानुवर्षं हसलो, आणि माझ्या स्वतःच्या हातांना एकदाही विचारलं नाही. माझा पहिला नातू त्या पाऊण तासात गेला.